स्वर नसलेलं नाव

अल-खोबर
सौदी अरेबिया
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

विभाताई,

हे तुझ्या विद्यापीठाच्या ई-मेलवर पाठवतो आहे. तिथे आलेलं पत्र तू निदान उघडून तरी बघशील. विषयाच्या जागी ‘शिलालेख’ लिहिलंय, ते खोटं नाही. सोबत फोटो आहेत. आधी ते बघ, मग वाटलं तर पुढचं वाच.

मी सध्या जुबैलच्या मागच्या बाजूला, वाळवंटात एका पाइपलाइनच्या कामावर आहे. आठवडाभर साइटच्या कॅम्पात राहायचं आणि शुक्रवार-शनिवार खोबरला घरी, शालिनी-अनुष्काकडे यायचं, असं चाललंय. त्या भागात थाज नावाचं एक प्राचीन शहर पडून आहे. तटाचे दगड अजून जमिनीबाहेर दिसतात. आमची लाइन तिथून बरीच लांबून जाते, त्यामुळे आमच्या चरात काही निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मंगळवारी नसरुद्दीननं पोकलेन मध्येच बंद केलं. हा आमचा ऑपरेटर, सिवानचा. एरवी काही असलं तर वॉकीटॉकीवर सांगतो, त्या दिवशी खाली उतरून माझ्यापर्यंत चालत आला.

"साब, नीचे पत्थर है. उसपे कुछ लिखा है. किसी की कब्र होगी. मैं आगे नहीं खोदूँगा."

मी चरात उतरलो. चुनखडीची लादी होती, पाटापेक्षा थोडी मोठी. खालचा उजवा कोपरा पोकलेनच्या बादलीच्या दातानं उडालेला. भंगलेली जागा पांढरी, ताजी. उरलेल्या भागावर ओळीनं अक्षरं. अरबी नाहीत, एवढं मलाही कळतं. एकेक अक्षर सुटं, ताठ काठ्यांचं, आणि मध्ये एक नेटकं वर्तुळ. ताई, क्षणभर मला ती ब्राह्मीच वाटली. ते वर्तुळ मी ‘ठ’ म्हणून वाचूनही टाकलं. नाना पांडवलेण्यांत आपल्याला भिंतीसमोर उभं करून एकेक अक्षर ओळखायला लावायचे, त्याचा हा परिणाम. माझं पुढे सगळं पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं, पण तेवढं राहिलं.

नाना गेल्यापासून आपण बोललेलो नाही. तो विषय मी इथे काढत नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, दगडाबद्दल सांग. हा काय आहे?

इंद्रनील


साइट कॅम्प
गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. मायना नाही, खाली नाव नाही, पण तुझा आवाज ऐकू आला. ‘तो ठ नव्हे, ऐन हे अक्षर. लिपी दक्षिण अरबस्तानातली, पूर्व किनाऱ्यावर थडग्यांच्या दगडांवर सापडते. धुऊ नकोस. भर दुपारी काढलेले फोटो निरुपयोगी, तिरप्या उजेडात काढ. तुटलेला तुकडा शोध. तिथल्या पुरातत्त्व खात्याला आजच कळव.’

सकाळच्या उन्हात काढलेले नवे फोटो सोबत आहेत. तू म्हणालीस ते खरं. दुपारी जी जागा कोरी दिसत होती तिथे आणखी अक्षरं आहेत.

तुकडा सापडला नाही. उकरलेल्या मातीचे ढीग चराच्या कडेला लांबवर गेलेत आणि त्यातले निम्मे डंपरनं दुसरीकडे टाकले. जेवणाच्या सुट्टीत मी आणि नसरुद्दीन हातानं शोधतो. बाकीचे हसतात.

खात्याला कळवण्याचं बघतो. ते तुला वाटतं तितकं सोपं नाही. मी गिरीशच्या हाताखाली आहे. गिरीश पुण्याचा, त्यानंच मला या कंपनीत आणलं. खोबरला त्याचं घर आमच्या खालच्या मजल्यावर आहे. अनुष्का त्याला काका म्हणत वाढली. मी त्याला दगड दाखवला तेव्हा तो बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "भारी आहे रे. पण इंद्या, हा रिपोर्ट केला की काम बंद. कधी सुरू होईल कुणी सांगू शकत नाही. आणि काम बंद झालं की तुझ्या-माझ्यावर येईल ते नंतर, पहिली ही सिवान-गोपालगंजची माणसं घरी जातील. तेवढा विचार कर."

त्यात खोटं काही नाही, म्हणूनच त्रास होतो. दगड मी साइटच्या स्टोअरमध्ये ताडपत्रीखाली ठेवलाय. सुरक्षित आहे.

इंद्रनील


अल-खोबर
शनिवार, २३ नोव्हेंबर

ताई,

तुझं मोठं पत्र मी शालिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. अनुष्का मोबाइल बघत बसली होती. मध्येच म्हणाली, "वेट, सो नोबडी नोज व्हेअर द सिटी वॉज?" मग तिला पुन्हा सगळं सांगावं लागलं. की धूप आणि लोबान घेऊन दक्षिणेतून उंटांचे तांडे इथे यायचे आणि मालाबरोबर लिहिण्याची रीतही आली. इथल्या लोकांनी ती उचलली आणि आपली भाषा तिच्यात लिहिली. याच किनाऱ्यावर एक फार श्रीमंत शहर होतं, ग्रीकांनी त्याचं वर्णन करून ठेवलंय, पण ते नेमकं कुठे होतं यावर अजून एकमत नाही. आणि साधारण त्याच काळात आपल्या नाशकात लेणी खोदली जात होती. इथल्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांची गाठ कुठल्या तरी बंदरात पडली असेल, पण एकानं दुसऱ्याची अक्षरं ओळखली असतील का, हे सांगायला कुणी उरलं नाही.

"देन हाउ डिड दे फरगेट?" अनुष्कानं विचारलं. "लाइक, एव्हरीबडी? ॲट वन्स?"

मी तिला तिचे आजोबा, नाना, सांगायचे तेच सांगितलं. एकदम कुणी विसरत नाही. शिकवणारा थकतो, शिकणाऱ्याला दुसरं काम मिळतं, नवी लिपी येते, तिच्यात चाकरी मिळते. पांडवलेण्यांत हजारएक वर्षं गुराखी पावसाला थांबले, साधू राहिले, सगळ्यांनी ती अक्षरं रोज पाहिली. वाचता कुणालाच येत नव्हती. म्हणून ती पांडवांची झाली.

आता तू पाठवलेलं वाचन. पहिल्या ओळीत ‘खूण आणि कबर’. क, ब, र. ताई, मी ती तीन अक्षरं तू पाठवलेल्या अक्षरांच्या तक्त्यावरून एकेक जुळवली, मग पुन्हा जुळवून पाहिली. ‘कबर’ हा आपलाही शब्द. माझ्या नसरुद्दीनला दगडावरचं एक अक्षर येत नाही आणि त्यानं पहिल्या मिनिटाला तोच शब्द उच्चारला होता. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला नाव असणार, ते तुटलंय. राहिलाय फक्त शेवटचा ‘त’. पुढे ‘मुलगी’ आणि आणखी एक नाव, तुझ्या मते आईचं. म्हणजे ही बाई आहे. कुणाची मुलगी ते कळतं. ती स्वतः कोण, ते आमच्या बादलीच्या दाताला गेलं.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं ते लिहितो. खणणं थांबलेलं नाही. दगड ताडपत्रीखाली सुरक्षित आहे हे खरं, पण चर पुढे चाललाय. सोमवारी पुढच्या टप्प्यात आणखी लाद्या लागल्या. दुसरा ऑपरेटर होता, त्याला काही दिसलं नाही. मी पोचलो तेव्हा एका लादीचा चुरा झाला होता. माझ्या हातात आला त्या तुकड्यावर अर्धं अक्षर होतं. तिथे एक दगड नाही, ताई. तिथे स्मशानभूमी आहे.

गिरीशला पुन्हा सांगितलं. यावेळी तो दगडाजवळ आला नाही. म्हणाला, "पुढच्या गुरुवारी पाइप उतरतोय. उतरला की बुजवून टाकू. दोन हजार वर्षं वाळूत होतं ना? आणखी राहील."

"पाइपखाली?" मी विचारलं.

"तू आता मला पेचात टाकू नकोस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

शालिनीला सगळं माहीत आहे. तिचं म्हणणं एकच आहे की अनुष्काची दहावीची परीक्षा होऊ दे, मग काय करायचं ते कर. परीक्षा फेब्रुवारीत आहे. पाइप गुरुवारी.

इंद्रनील


साइट कॅम्प
गुरुवार, २८ नोव्हेंबर

ताई,

झालं.

काल सकाळी मी अरीबकडे गेलो. अरीब आमचा सेफ्टी ऑफिसर, सौदी मुलगा, हसा भागातला राहणारा. आम्ही दोघं एकमेकांना फारसे ओळखत नाही. तो हेल्मेट घातलं नाही म्हणून रागावतो आणि आम्ही ‘यस सर’ म्हणतो, एवढाच संबंध. मला अरबी कामापुरतं येतं. खात्याशी फोनवर बोलायला तेवढं पुरलं नसतं. त्याला स्टोअरमध्ये नेलं आणि ताडपत्री काढली.

तो उकिडवा बसला. हात लावला नाही. मग इंग्रजीत म्हणाला, "हे कधीपासून इथे आहे?"

मी खरं ते सांगितलं.

"आणि तू आज मला सांगतोयस?"

"आज सांगतोय," मी म्हणालो. "उद्या सांगण्यासारखं काही उरणार नाही."

तो खूप चिडला होता. मला वाटलं, आता माझ्यावरच तक्रार होणार. त्यानं मला पहिल्या ओळीवर बोट धरायला सांगितलं. मी उजवीकडून ‘कबर’ दाखवला. ते ऐकल्यावर तो उठला. बाहेर जाऊन गाडीत बसला आणि तिथूनच फोन लावला. दुपारी दम्मामहून माणसं आली. त्यांच्याबरोबर उमामा नावाच्या बाई होत्या, अरीबपेक्षा थोड्या मोठ्या असतील, पुरातत्त्व शिकलेल्या. त्यांनी चराच्या भिंतीत आणखी कबरींच्या कडा दाखवल्या. मी रोज तिथून चालत होतो, मला त्या मातीचे थर वाटत होत्या.

संध्याकाळच्या आत काम बंद करण्याचा हुकूम लागला. मशिनं रांगेनं उभी आहेत. वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नाही.

गिरीश संध्याकाळी माझ्या केबिनच्या दारात आला. आत नाही आला.

"मला एकदा सांगून तरी करायचंस," म्हणाला.

"दोनदा सांगितलं, गिरीश."

"ते नव्हे. हे करणार आहेस, हे."

सांगितलं असतं तर त्यानं मला थांबवलं असतं, आणि मी थांबलो असतो. मी स्वतःला ओळखतो.

नसरुद्दीन मात्र चहा घेऊन आला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला. पुढे काय होणार, विचारलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

तू शेवटच्या पत्रात विचारलंस, ‘जेवतोस ना वेळेवर?’ चार वर्षांनी तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न ज्यात दगड नाही. जेवतो.

इंद्रनील


अल सुलै, रियाध
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ताई,

पत्त्यावरून तुला कळलंच असेल. माझी बदली झाली. अल सुलै म्हणजे रियाधच्या कडेचा गोदामांचा भाग. ट्रक, पत्र्याच्या शेड, धूळ आणि मोकाट मांजरं. कंपनीचं इथे साहित्याचं यार्ड आहे. फ्लँज, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांचे खोके तपासून रॅकवर लावून घ्यायचे, हे माझं काम. मागच्या पत्रात मी ‘रियाधला कामासाठी आलोय’ इतकंच लिहिलं होतं. शिक्षा म्हणून आलोय हे लिहायला लाज वाटली. शिक्षा असं कुणी म्हटलेलं नाही. कुणी काहीच म्हटलेलं नाही. करार मार्चमध्ये संपतो आणि पुढचा मिळणार नाही, एवढं एचआरनं सांगितलं. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपेल, फायनल एक्झिट, खलास. शालिनी आणि अनुष्का परीक्षेपर्यंत खोबरला आहेत. शालिनी माझ्याशी नीट बोलते, पण तिनं भिंतीवरच्या फ्रेम आत्तापासून काढायला सुरुवात केली आहे.

जे जास्त लागलं ते वेगळंच. लाइन वळवून नेण्याचं ठरलं, पण त्याला वेळ लागणार, म्हणून आमच्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. गिरीश म्हणाला होता तसंच झालं. नसरुद्दीन वाचला, त्याला जुबैलमध्ये दुसरं काम मिळालं. बाकीच्यांपैकी एकानं मला जाताना सलाम केला नाही. त्याचं बरोबर आहे. त्याच्या घरच्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार की एका बाईचं अर्धं नाव वाचवायचं होतं?

तरी पुन्हा तसंच करीन का, असं मी रोज खोके मोजताना स्वतःला विचारतो. करीन. पण ते मी छाती पुढे काढून म्हणत नाही.

आता तुझा प्रश्न. ‘त्या वेळी खरंच यायला काही मार्ग नव्हता का?’ तू तो पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईनं विचारल्यासारखा लिहिलास. मी उत्तर घाईनं देत नाही.

नानांना मेंदूचा झटका आल्याचं तुझ्याकडून कळलं तेव्हा साथीमुळे इथून विमानं बंद होऊन काही आठवडे झाले होते. मी खोबरच्या घरात होतो, बाहेर कर्फ्यू. दूतावासाच्या यादीत नाव घातलं. मे महिन्यात विमानं सुरू झाली, पण माझ्या आधी गरोदर बायका होत्या, आजारी माणसं होती, नोकऱ्या गेलेले मजूर होते. ते योग्यच होतं आणि मला ते योग्य आहे हे कळत होतं, त्याचाच राग येत होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. शालिनी ती ओलांडून ये-जा करायची, हलव म्हणाली नाही. मग तुझा व्हिडिओ कॉल आला. तू फोन नानांच्या चेहऱ्यासमोर धरलास आणि काही न बोलता बंद केलास. नंतर मी केलेल्या फोनवर तू म्हणालीस, "यायचं असतं तर आला असतास." मी उत्तर दिलं नाही, कारण तू महिनाभर त्या घरात एकटी होतीस आणि शेवटचं सगळं तुलाच एकटीला करावं लागलं होतं. मला वाटलं, एवढा राग करायचा तुला हक्क आहे. मग तो राग तिथेच मुरला, माझ्याही बाजूनं. तू नानांचे सगळे ठसे, लेण्यांतल्या लेखांवरून काढलेले ते मोठाले कागद, मला न विचारता संस्थेला देऊन टाकलेस तेव्हा मी मनात म्हणालो, बरं, म्हणजे मी घरातला नाहीच.

इतकंच आहे, ताई. यात लपवलेलं काही नाही. मार्ग नव्हता.

एक चांगली बातमी. अरीबनं फोन केला होता. उमामाबाईंच्या लोकांनी आमचे मातीचे ढीग चाळणीनं चाळले. कोपरा सापडला आहे. फोटो सोबत. तूच आधी वाच, मी तक्ता बाजूला ठेवलाय.

इंद्रनील


अल-खोबर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

ताई,

परवा फोनवर इतकं बोलल्यावर पुन्हा लिहायची गरज नव्हती. पण तू सांगितलेलं मला तेव्हा नीट ऐकता आलं नाही. मी यार्डात फोर्कलिफ्टच्या बाजूला उभा होतो आणि एका कानावर हात ठेवून ऐकत होतो. म्हणून आता स्वतःसाठी एकदा लिहून बघतो.

झटक्यानंतर नानांना दिसत होतं, बोलता येत होतं, पण वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्र हातात धरून त्यांनी तुला विचारलं, "हे कुठल्या भाषेत छापलंय?" तू खिडकी उघडलीस, चष्मा पुसून दिलास, दुसरा पेपर आणलास. मग त्यांनी स्वतःच्याच अक्षरातला कागद बघितला आणि तोही त्यांना लागला नाही, तेव्हा तुला कळलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होतं कधी कधी. ज्या माणसानं सारा जन्म लोकांना न येणारी अक्षरं वाचली, त्याला ‘गोदावरी’ वाचता येईना. आणि ते तू एकटीनं पाहिलंस.

मग एकदा तू सहज त्यांच्या तळव्यावर बोट फिरवलंस. उभी रेघ, आडवी रेघ, ब्राह्मीतला ‘क’. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "क." डोळ्यांनी गेलेलं हाताला येत होतं. त्यानंतर रोज दुपारी तू त्यांच्या तळव्यावर लिहायचीस आणि ते वाचायचे. लेण्यांतल्या ओळीच्या ओळी. एका दुपारी त्यांनी तुझाच हात ओढून घेतला आणि तुझ्या तळव्यावर बोटानं तीन टिंबं दिली. ‘इ’. पुढचं अक्षर काढलं नाही. तुला तेव्हाच कळलं होतं ते कुणाचं नाव आहे.

हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तुझ्यावर रागावता आलं नसतं. आणि राग गेला असता तर त्या घरात मी काय धरून उभी राहिले असते?" तेवढ्यात फोर्कलिफ्ट मागे आलं आणि मला बाजूला व्हावं लागलं. तुला वाटलं असेल मी गप्प झालो. मी रडत होतो.

आता कालचं सांगतो. मी रियाधचं काम आवरून परवा रात्री खोबरला आलो. काल अरीब मला गाडीतून दम्मामला घेऊन गेला, खात्याचं गोदाम आहे तिथे. नसरुद्दीनही सुट्टी काढून जुबैलहून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. उमामाबाईंनी टेबलावर दगड मांडला होता. कोपरा जोडलेला. मधली भेग बारीक पांढरी दिसते, ती तशीच ठेवणार आहेत. त्या म्हणाल्या, तीही या दगडाची गोष्ट आहे.

तुझं वाचन मी त्यांना दाखवलं. त्यांचं आणि तुझं जुळलं. स, ह, र, त. बरोबर ना? चार व्यंजनं. आणि तू फोनवर म्हणालीस तेच त्या म्हणाल्या. या लिपीत स्वर लिहीत नसत. वाचणाऱ्याला ते माहीतच असायचे. आता तो वाचणारा नाही.

"सुहैरा असेल," अरीब म्हणाला. "आमच्याकडे असतं असं नाव."

"मग शेवटचा त कुठे टाकलास?" उमामाबाईंनी विचारलं. "त्या काळी तो उच्चारत असतील. सहिरत. किंवा साहिरत."

नसरुद्दीन हळूच म्हणाला, "सहारत भी हो सकता है, मैडम."

त्या हसल्या नाहीत. "हो सकता है," त्यांनी त्याच्याच हिंदीत सांगितलं.

बाकी सगळं आपल्याकडे आहे. तिची आई कोण, कुठल्या लोकांतली, कबर कुठे. तिला घरात हाक कशी मारायचे, तेवढं नाही. ते लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. रोज कानावर पडत होतं ना.

मी उमामाबाईंना विचारलं, हात लावू का. त्यांनी आधी कारण विचारलं. मी नानांचं सांगितलं, माझ्या मोडक्या अरबीत आणि अरीबच्या मदतीनं. मग म्हणाल्या, हात धुऊन या, एकच बोट, हलकं.

मी डोळे मिटले. दगड थंड होता. उजवीकडून सुरुवात केली. पहिलं अक्षर, मग दुसरं, दोन्ही कोपऱ्याच्या तुकड्यावरची. तिसऱ्याशी बोट अडलं. तिथे छिन्नी घसरलेली आहे, ताई. एक खाच दोनदा दिली आहे, दुसरी पहिलीच्या किंचित बाहेर. फोटोत ते तुला दिसलं नाही, मलाही नाही, उमामाबाईंनाही नाही. कुणीतरी कोरताना थांबला, पुन्हा सुरुवात केली. मी तिथे बराच वेळ बोट ठेवलं. मग भेग, आणि तिच्यापलीकडे शेवटचं अक्षर.

डोळे उघडले तेव्हा तिघं माझ्याकडे बघत होते. "कसं वाचलंत?" उमामाबाईंनी विचारलं.

मी ते नाव मोठ्यानं उच्चारलं. चूक असेल, कुणी सांगू शकणार नाही. मी काय उच्चार केला, तो इथे लिहून टाकता येईल, आपल्या लिपीत स्वर आहेत. पण मी लिहीत नाही. अनुष्काचा शेवटचा पेपर झाला की लगेच निघतोय आम्ही, मार्चच्या सुरुवातीला. आधी पुण्याला तुझ्याकडे येतो, मग नाशिक. तू दगडाचा फोटो समोर घेऊन बस आणि मी म्हणतो ते ऐक. मग तू म्हण.

तुझा
इंद्रनील